लहरींची जमा आणि नावे

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा महिना. हयातीचा दाखला देण्यासाठी या महिन्यात शाखेची पायरी चढणाऱ्या वृद्ध ग्राहकांची संख्या एकाएकी वाढते आणि आम्हा कर्मचाऱ्यांच्या टेबलांभोवती औषधांच्या चिठ्ठ्या, चष्म्याची घरे आणि नातवंडांच्या गोष्टी यांची दाटी होते. काही वर्षांपूर्वी मी इंदूरच्या एका शाखेत कार्यरत असताना अशाच एका सकाळी एक मराठी आजी माझ्यासमोर येऊन बसल्या. डिजिटल दाखल्यासाठी त्यांच्या भ्रमणध्वनीवर एक ओटीपी येणे आवश्यक होते. त्यांचा फोन साधा, बटणांचा. पडद्यावर सिग्नलच्या तीन दांड्या दिसत होत्या. तरीही संदेश येईना. दुसऱ्यांदा मागणी केली. तिसऱ्यांदा केली. आजींच्या चेहऱ्यावर आता वेगळीच चिंता दिसू लागली. "साहेब, माझं पेन्शन तर बंद नाही ना झालं?" असे त्यांनी विचारले.

दाराशी उभ्या असलेल्या एका तरुणाने मदतीचा हात पुढे केला. बाहेर नेटवर्क चांगले येते, असे म्हणून त्याने आजींच्या हातून फोन घेतला, तो पायरीवर जाऊन उभा राहिला आणि क्षणार्धात संदेश आला. मग त्या सद्गृहस्थाने तो सहा आकडी क्रमांक तेथूनच, सर्व शाखेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचून दाखविला! त्याचा हेतू निःसंशय चांगला होता. पण अनोळखी माणसाच्या हाती फोन आणि जाहीर झालेला ओटीपी हे दृश्य कोणत्याही बँक अधिकाऱ्याच्या छातीत धडकी भरविणारे आहे. त्या दिवशी काही वावगे घडले नाही. मला मात्र एक प्रश्न पुढे कित्येक दिवस छळत राहिला. मोबाईलचा मनोरा शाखेपासून दोन इमारती पलीकडे होता, माझ्या खिडकीतून तो दिसत होता. मग खुर्चीवर न येणारा संदेश पायरीवर कसा आला?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर संपलेला. तथापि या प्रश्नाचा पाठपुरावा करताना असे लक्षात आले, की उत्तराचा गाभा जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला चटकन उमगावा असाच आहे.

मनोऱ्याकडून निघालेली रेडिओलहर आपल्या फोनपर्यंत एका सरळ रेषेत येते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती चहूकडे पसरते. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून, रस्त्यावरच्या बसच्या पत्र्यावरून, पाण्याच्या टाकीवरून ती परावर्तित होते, कोपऱ्यांवरून वळते, झाडांच्या पानांत विखुरते. परिणामी फोनपाशी एकाच लहरीच्या अनेक प्रती येऊन पोहोचतात. प्रत्येक प्रतीने कापलेले अंतर निरनिराळे, म्हणून प्रत्येकीची वेळही किंचित निराळी. लहरीला शृंग असते आणि गर्तही असते. शृंगाला जमा म्हणा, गर्ताला नावे म्हणा. दोन प्रतींची शृंगे एकाच वेळी आली, तर जमेत जमा मिळून सिग्नल बळावतो. एकीचे शृंग आणि दुसरीचे गर्त एकाच वेळी आले, तर मात्र जमा आणि नावे समसमान होऊन शिल्लक उरते शून्य! खात्यात उलाढाल भरपूर, शिल्लक काहीच नाही, अशी ही अवस्था. फोनपर्यंत लहर पोहोचत नव्हती असे नाही. ती एकाहून अधिक वाटांनी पोहोचत होती, आणि त्या वाटांनीच एकमेकींचा हिशेब चुकता केला होता. यालाच बहुमार्गी क्षीणन अथवा मल्टिपाथ फेडिंग म्हणतात.

या लहरींची मापे आपल्या परिचयाची आहेत. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची त्याच्या निम्मी. दोन वाटांच्या अंतरात अर्ध्या लहरीइतका फरक पडला, की शृंगासमोर गर्त येते. समोरून येणारी लहर आणि मागच्या भिंतीवरून परतणारी तिची प्रत एकमेकींना भिडतात, तेव्हा ९०० मेगाहर्ट्झला दर १६-१७ सेंटिमीटरवर, म्हणजे वितीहूनही कमी अंतरावर, एक शून्याची जागा तयार होते. १८०० मेगाहर्ट्झला हेच अंतर चार बोटांचे. ५जी सेवेसाठी आपल्याकडे वापरात आलेल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढील पट्ट्यात ते जेमतेम दोन बोटे भरेल. शून्याच्या जागी नाहीशी झालेली ऊर्जा कोठे जाते, असा प्रश्न हिशेबी मनाला पडतोच. ती शेजारी जमा होते. समान बळाच्या दोन लहरी जेथे शृंगास शृंग लावून भेटतात, तेथे शक्ती दुप्पट नव्हे, चौपट असते. निसर्गाचा ताळेबंद अखेर जुळतोच.

आता बँकेच्या शाखेचे अंतर्गत रूप डोळ्यांसमोर आणावे. घडीचे लोखंडी दार, रोखपालाच्या पिंजऱ्याची जाळी, पोलादी कपाटांची रांग, लॉकरची खोली आणि तिचे ते जाडजूड दार. धातू हा रेडिओलहरींचा आरसा आहे. आपण ठेवीदारांच्या सुरक्षिततेसाठी उभारलेली ही सर्व व्यवस्था म्हणजे लहरींच्या दृष्टीने चारी बाजूंनी आरसे लावलेली खोली होय. आजी ज्या खुर्चीवर बसल्या होत्या, तिच्या पाठीशी दस्तऐवजांची तीन उंच पोलादी कपाटे होती, हे मला नंतर आठवले.

अर्थात त्या सकाळचा सर्व दोष प्रतिध्वनींवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन फूट जाडीच्या जुन्या भिंती लहर शोषतात, अडवितात, ही तर साधी छाया झाली. पायरीवर गेल्याने आजींचा फोन भिंतीच्या छायेतूनही बाहेर पडला असणार. दोन्ही गोष्टी एकत्रच घडतात. फरक ओळखण्याची खूण एवढीच, की छाया ओलांडायला कित्येक पावले चालावे लागते, बहुमार्गी क्षीणनाच्या खळग्यातून बाहेर पडायला चार बोटे पुरतात. आणि दांड्यांचे काय? फोनच्या पडद्यावरील दांड्या काही काळाची सरासरी दाखवितात. सरासरी शिल्लक समाधानकारक असणे आणि धनादेश वटण्याच्या क्षणी खात्यात पैसे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पडद्यावरची सावली

हा प्रकार मोबाईलबरोबर आलेला नाही. ज्यांनी गच्चीवरील अँटेना फिरविण्यात आपल्या बालपणातील कित्येक रविवार खर्ची घातले, त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या घरी दूरदर्शनच्या निवेदिकेच्या उजव्या खांद्याशी तिचीच एक फिकट आकृती उभी असे. आम्ही तिला भूत म्हणत असू. ती आकृती म्हणजे कोठल्याशा इमारतीवरून वा डोंगरावरून परतून उशिरा आलेली लहर होती.

त्या सावलीतून अंतरही मोजता आले असते! आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात पडद्यावरील एक आडवी रेघ डावीकडून उजवीकडे उमटण्यास सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागत. वीस इंची संचाच्या पडद्याची रुंदी साधारण ४१ सेंटिमीटर. तेवढ्या वेळात लहर साडेपंधरा किलोमीटर जाते. म्हणजे सावली एक सेंटिमीटर सरकलेली दिसली, तर परतून आलेल्या लहरीने सुमारे ३८० मीटरचा वळसा घेतला आहे, असे पट्टी लावून सांगता आले असते. शाळेत प्रकाशाचा वेग पाठ करून घेणाऱ्या कोणाही गुरुजींना हा प्रयोग सुचला नाही, याची हळहळ वाटते.

दूरचित्रवाणीवर उशिरा आलेली प्रत शेजारी दिसे, चित्र मात्र ओळखू येई. मोबाईलच्या अंकी संदेशात ही सवलत नाही. तेथे एक आणि शून्य या अंकांची रांग धावत असते व मागील अंकाची उशिरा आलेली प्रत पुढील अंकावर जाऊन आदळते.

रॅले यांचे गणित

फोन कोणत्या जागी खळग्यात सापडेल हे आधी सांगता येत नाही, परंतु किती वेळा सापडेल हे सांगता येते. या गणिताचा पाया लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्ये घातला. त्यावेळी त्यांच्यापुढे प्रश्न ध्वनीचा होता. एकाच सुरातील, पण पुढेमागे सुरू झालेली अनेक कंपने एकत्र आली तर परिणामी आवाज किती मोठा असेल? हर्ट्झ यांनी रेडिओलहरी प्रयोगाने सिद्ध करून दाखविण्यास त्यानंतर सात-आठ वर्षे अवकाश होता. रॅले यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते वायूंच्या घनतेवरील संशोधनासाठी आणि त्यातून लागलेल्या आरगॉनच्या शोधासाठी. आपले दुसरे गणित पुढे कोट्यवधी लोकांच्या खिशातील यंत्राला लागू पडेल, याची त्यांना कल्पनाही असणे शक्य नव्हते.

मनोरा थेट दिसत नसेल आणि सर्व लहरी परावर्तित होऊनच येत असतील, तर या गणितानुसार सरासरीच्या एक दशांशाहूनही कमी शक्ती मिळण्याचा संभव साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असतो. एक शतांशाहून कमी मिळण्याचा संभव एक टक्का, एक सहस्रांशाहून कमी मिळण्याचा हजारात एक. खोलीत शंभर ठिकाणी फोन ठेवून पाहिला तर सरासरी एका ठिकाणी तो जवळजवळ बहिरा होणार. कर्जाच्या जोखमीचे प्रमाण ठरविणाऱ्या माणसाला ही भाषा परकी वाटू नये.

ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या आगगाडीतील प्रवाशाचा फोन ९०० मेगाहर्ट्झवर असेल, तर तो दर सेकंदाला सुमारे दीडशे लहानमोठे खळगे ओलांडतो. तरीही संभाषण चालू राहते, कारण प्रत्येक खळगा क्षणात मागे पडतो. शिवाय संदेशाचे अंक क्रमाने न पाठविता विस्कटून पाठविले जातात. सर्व धनादेश एकाच टपाल थैलीत न घालता निरनिराळ्या थैल्यांतून पाठवावेत, तसे. एखादी थैली गहाळ झाली तरी उरलेल्यांवरून नुकसान भरून काढता येते. खरी पंचाईत होते ती स्थिर बसलेल्या माणसाची. तो खळग्यात बसला, की बसलाच. आमच्या आजी शिस्तीने फोन टेबलावर ठेवून, त्याला हातही न लावता वाट पाहत होत्या!

घुमटात बोलावे कसे

विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना प्रतिध्वनींचा त्रास समजावून सांगावा लागत नाही. तेथील सज्जात एकदा टाळी वाजविली तर ती अनेकदा परतून येते. अशा ठिकाणी भरभर बोलल्यास शब्दांवर शब्द चढतात आणि काहीच कळत नाही.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाईल सेवेचा आरंभ केला, तेव्हा वापरात आलेल्या जीएसएम पद्धतीने यावर काढलेला उपाय आपल्या व्यवसायाशी विलक्षण जुळणारा आहे. या पद्धतीत संदेशाच्या प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी २६ अंकांची एक ठरलेली रांग असते. ती फोनला आधीच ठाऊक असते. आलेली रांग ठाऊक असलेल्या रांगेशी ताडून फोन ठरवितो, की वाटेत लहरींनी कसा घोटाळा केला आहे, आणि त्याच मापाने शेजारचे अज्ञात अंक दुरुस्त करतो. नमुना स्वाक्षरीचे कार्ड काढून धनादेशावरील सही पडताळणे यापेक्षा वेगळे नाही! सुमारे १६ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळपास पाच किलोमीटरचा वळसा घेऊन आलेली प्रतही या पद्धतीस हाताळता यावी, अशी तिची आखणी होती.

४जी सेवेत वेग इतका वाढला, की ही पडताळणी जड होऊ लागली. तेव्हा घुमटातील दुसरी युक्ती वापरण्यात आली. एका माणसाने घाईने बोलण्याऐवजी शेकडो माणसांनी वेगवेगळ्या सुरांत, सावकाश बोलावे. वीस मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात असे १२०० बारीक प्रवाह एकाच वेळी वाहतात. प्रत्येक प्रवाहातील एकेक चिन्ह सुमारे ६७ मायक्रोसेकंद टिकते व त्याच्या आरंभी पावणेपाच मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवलेली असते. १४०० मीटरपर्यंतच्या वळशाचे प्रतिध्वनी त्या मोकळ्या वेळात विरून जातात. खळग्यात सापडले तर काही प्रवाह सापडतात, सगळे नव्हेत. म्हणूनच आजींच्या जुन्या, अरुंद पट्ट्यावर चालणाऱ्या फोनपेक्षा त्यांच्या नातीचा ४जी फोन त्याच खुर्चीवर अधिक समाधानाने काम करतो.

याहून नवलाची कथा पुढे आहे, आणि तिच्यातील दोन्ही नावे भारतीय आहेत. आरोग्यस्वामी पॉलराज यांचा जन्म १९४४ चा, तमिळनाडूतील. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते नौदलात गेले. डिसेंबर १९७१ मध्ये 'खुकरी' ही युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाल्यानंतर पाण्याखालील शत्रूचा आवाज ओळखणाऱ्या सोनार यंत्रणेची उणीव तीव्रतेने जाणवली आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' ही स्वदेशी यंत्रणा साकारली. नंतर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे होते थॉमस कैलाथ. त्यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातील. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये ते दूरसंचार विषयातील पदवीधर झाले. या दोघांना १९९४ मध्ये एक पेटंट मिळाले. त्यातील कल्पना अशी, की एकाच वारंवारतेवर एकाहून अधिक अँटेनांनी निरनिराळे संदेश एकाच वेळी पाठवावेत आणि घेणाऱ्यानेही अनेक अँटेनांनी ते टिपावेत.

संदेशांची सरमिसळ होणार, हे उघड आहे. पण शाळेतील समीकरणे आठवा. दोन संख्यांची बेरीज १० आणि वजाबाकी ४ असेल, तर त्या संख्या ७ आणि ३ आहेत हे लगेच सांगता येते. दोन्ही समीकरणांनी 'बेरीज १०' एवढेच सांगितले तर मात्र उत्तर निघत नाही. परावर्तनेच नसती, तर फोनच्या दोन्ही अँटेनांना जवळपास एकच समीकरण मिळाले असते. भिंती, पत्रे, पोलादी कपाटे यांच्यामुळे वाटा अनेक होतात, चार बोटांवरील दुसऱ्या अँटेनाला निराळे मिश्रण मिळते आणि समीकरणे सुटतात. ज्या प्रतिध्वनींना अभियंते शंभर वर्षे शत्रू मानत आले, त्यांच्याच बळावर आता एका पट्ट्यातून दुप्पट-चौपट माहिती जाऊ लागली. पॉलराज यांना २०१० मध्ये पद्मभूषण व २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक मिळाले, कैलाथ यांना २००९ मध्ये पद्मभूषण. खडकवासला आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांत फार तर वीस किलोमीटरचे अंतर असेल. त्या दोन वाटा कॅलिफोर्नियात जाऊन मिळाल्या!

पोच

हे सर्व वाचल्यावर मला आमच्याच कामातील एका जुन्या तक्रारीचा उलगडा झाला. संदेश फोनवर पोहोचला, की फोन केंद्राला पोच पाठवितो. पोच मिळाली नाही, तर केंद्र संदेश जपून ठेवते आणि पुन्हा पाठविते. आता समजा, संदेश पोहोचला, पण परतीच्या वाटेवर पोचच खळग्यात सापडली. केंद्र तोच संदेश पुन्हा पाठविणार. एकच संदेश दोनदा आला म्हणजे पैसे दोनदा गेले, असे मानून धास्तावलेले ग्राहक मी पाहिले आहेत. त्याचप्रमाणे ओटीपी उशिरा येतो, तोवर ग्राहकाने दुसरा मागविलेला असतो. मग जुना क्रमांक आधी हाती पडतो, तो टाकला जातो, नाकारला जातो, आणि तिसऱ्या चुकीनंतर सेवाच बंद होते. आजींच्या फोनमध्ये नंतर पाहिले तर तिन्ही संदेश एकाखाली एक येऊन बसले होते.

यूपीआयच्या व्यवहारात हेच अधिक महागात पडते. एक ग्राहक रुग्णालयाच्या तळघरातील औषध दुकानात पैसे देत होते. पडद्यावर नुसतेच चक्र फिरत राहिले. दुकानदार म्हणाला, आले नाहीत. घरचे माणूस वर दाखल असताना कोणाला धीर धरवणार? त्यांनी पुन्हा पैसे पाठविले. जिन्याने वर आल्यावर दोन्ही व्यवहार पूर्ण झाल्याचे संदेश एकापाठोपाठ आले. पहिल्या वेळी आज्ञा बँकेपर्यंत पोहोचली होती, खात्याला रक्कम नावे पडली होती, दुकानदाराकडे जमाही झाली होती. हरवली होती ती केवळ पोच. त्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी खाते पाहून रक्कम परत केली. सर्वच ग्राहकांच्या वाट्याला असे दुकानदार येत नाहीत.

अशा वेळी त्याच जागी उभे राहून पुन्हा बटण दाबण्यापूर्वी चार पावले मोकळ्या जागेकडे जावे आणि ॲपमधील व्यवहारांच्या यादीत अथवा खात्याच्या शिलकेत पहिल्या व्यवहाराचे काय झाले ते पाहावे. तो प्रलंबित दिसत असेल, तर थांबावे. अन्य व्यक्तीला पाठविलेली यूपीआयची रक्कम खात्यातून वजा होऊन पलीकडे जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत यावी, दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत यावी, आणि विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई ग्राहकाने तक्रार केली नसली तरीही दिली जावी, असे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाद्वारे घालून दिले आहे. फसलेल्या प्रत्येक व्यवहाराचे कारण लहरींत नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. कधी बँकेची यंत्रणाच थकलेली असते, आणि तेव्हा ग्राहकाला चार पावले चालावयास लावणे अन्यायाचे होईल.

शाखेत आम्ही एक लहानसा बदल केला. निवृत्तिवेतनधारकांचे बाक पोलादी कपाटांपासून हलवून खिडकीखाली ठेवले. खर्च काहीच आला नाही, फक्त दोन शिपायांचा अर्धा तास गेला. पुढील नोव्हेंबरात आजी पुन्हा आल्या आणि त्या बाकावर बसल्या. फोन तोच जुना, बटणांचा. संदेशाला थोडा वेळ लागला. मी त्यांना म्हणालो, "आजी, फोन जरा हातभर पुढे धरून पाहा बरं." त्यांनी तो खिडकीकडे धरला, एकदा उंच केला, एकदा डावीकडे नेला. फोन किणकिणला. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी कुतूहलाने मान वळविताच आजींनी पदर पुढे ओढून पडदा झाकला, आणि माझ्या टेबलापाशी येऊन तो क्रमांक स्वतःच्या बोटाने यंत्रावर टाकला.